हळू बोलणाऱ्यांचं घर

मी घर सोडलं त्या सकाळी आबांनी, माझ्या वडिलांनी, ड्रायव्हरला गाडी चालूच करू दिली नाही. रविवार होता, बंगल्यावर मुंबईचे पाहुणे मुक्कामाला होते आणि अजून उठायचे होते. ड्रायव्हरला नुसतं स्टिअरिंग धरून बसवलं आणि आबा नि माझा धाकटा भाऊ, दोघांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर, पार उतारापर्यंत नेली. मी जर्मनीला निघाले होते, लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे. आई पदर तोंडात कोंबून रडत होती, मी ओठ आवळून. दुसऱ्या पोरी सासरी निघाल्या की अख्खी आळी गलका करते. मला निरोप मिळाला तो कुजबुजत. "मुंबईला पोचलीस की फोन कर," आई कानाशी म्हणाली, "पन सांच्याला कर. पाव्हणं गेल्यावर."

लोणावळ्याच्या तुंगार्लीत तुम्ही कधी फिरला असाल तर तळ्याच्या बाजूचे बंगले पाहिले असतील. बाहेरून बोगनवेल, आत हिरवळ. पण प्रत्येक बंगल्याच्या मागे दोन खोल्या असतात, त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आम्ही त्या दोन खोल्यांतले. आबा तिकोणा पेठेहून बंगला राखायला आले ते माझ्या जन्माच्याही आधी. सोमवार ते शुक्रवार आम्ही त्या आवाराचे राजे. जांभळाच्या झाडावर चढायचं, व्हरांड्यात लोळायचं, नळीने एकमेकांना भिजवायचं. शुक्रवारी संध्याकाळी आबा पालापाचोळा झाडून घ्यायचे, बंगल्यातले दिवे लावायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "आता आवाज न्हाई."

मग रविवारी शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत आमचं राज्य खालसा. खेळायला बंदी नव्हती बरं का, आवाजाला होती. आम्ही भावंडं अनवाणी पकडापकडी खेळायचो आणि भांडण चिमटे काढून मिटवायचो. हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं. आई त्या दोन दिवसांत कुकर लावायची नाही, शिट्टी नको म्हणून. भात पातेल्यात शिजायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हाक मारायची नाही. काही हवं असलं तर उठून जवळ जायचं आणि हळू सांगायचं. हे सगळ्यांच्याच घरी असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

आम्ही दुःखी होतो असं मात्र समजू नका. बंगल्याचे मालक शेठ नि शेठाणी, माणसं भली होती, पोरांसाठी खाऊ आणायचे, जुनी पुस्तकं द्यायचे. आणि बुद्धपौर्णिमेला आम्ही गावी जायचो तेव्हा तिकोण्याच्या पायथ्याशी इतके किंचाळायचो की चुलते म्हणायचे, "ही पोरं काय बांधून ठेवली व्हती का काय?"

माझ्यासारखे जे इकडे श्टुटगार्टला आलेत त्यांना पुढचं वाचून हसू येईल. इथे रविवार हा शांततेचा वार. ड्रिल चालवायचं नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही, बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. नवे आलेले भारतीय या नियमांनी मेटाकुटीला येतात. माझा नवरा संदेश तळेगावचा, त्यांच्या घरात मीठ मागायचं तरी घसा ताणावा लागतो. तो बिचारा पायांच्या टाचा उचलून चालायला शिकत होता आणि मला मात्र माहेरी आल्यासारखं वाटत होतं. हा देश आबांनीच सांभाळायला घेतलाय की काय, असं मी त्याला म्हणायचे. खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा म्हणाल्या, तुम्ही वर राहता हे कळतच नाही. मी ते कौतुक लगेच फोनवर आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "शाब्बास."

मग सांची झाली. आईचे सल्ले फोनवरून सुरूच होते. बाळंतशोपा कधी खायच्या, टाळूवर तेल किती घालायचं, आणि पुन्हा पुन्हा एकच: "रडू दिऊ नको. ओठ वाकडा झाला की उचल." मी तसंच केलं. पोर इतकी शहाणी निघाली की येणारा-जाणारा दृष्ट लावेल. बोलायला लागली तीही हळू. काही हवं असलं की जवळ येऊन माझा कुर्ता ओढायची आणि कानात सांगायची. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. कसं दिसणार? मी स्वतः तशीच वाढले होते.

सांची चार वर्षांची असताना एक दिवस तिच्या किटातल्या, म्हणजे इथल्या बालवाडीतल्या, बाईंनी मला थांबवून घेतलं. सांची अंगणात पडली होती, गुडघा चांगलाच फुटला होता. पण ती रडली नाही, कुणाला बोलावलं नाही. घसरगुंडीच्या मागे जाऊन, मोज्यातून रक्त ओघळत असताना, गप्प बसून राहिली. मुलं मोजताना एक कमी भरलं तेव्हा ती सापडली. बाईंनी अगदी मायेने विचारलं, "घरी तिला कोणी रागावतं का?"

आमच्या घरात तिच्यावर कुणी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. दुखणं नेमकं तेच होतं. वाटेत मी खाली बसून तिला विचारलं, हाक का नाही मारलीस गं? ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "बाईंना त्रास झाला असता."

आज गुडघा फुटला होता, उद्या याहून मोठं काही झालं तर? ही पोर अशीच कुठेतरी कोपऱ्यात बसून राहील, कुणाला त्रास नको म्हणून. संदेश म्हणाला, मोठी होईल तशी बोलायला लागेल. पण मोठी तर मीही झाले होते, आणि तसं होत नाही हे मला माहीत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आई-आबा आमच्याकडे आले. स्वतःच्या लेकीच्या घरात आबा सोफ्याच्या कडेवर बसायचे. अंघोळ झाली की न्हाणीघर पुसून कोरडं करायचे. एका दुपारी स्वयंपाकघरात मी आईला गुडघ्याची गोष्ट सांगत होते, आबा शेजारी लसूण सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "शेठ कदी काय बोलले न्हवते गं."

मला कळेना.

"आवाज करू नका, असं. कदीच न्हाई. शेठानी तर म्हनायच्या, पोरं असून घर मुकं कसं? मीच भ्यायचो. त्या दोन खोल्या गेल्या असत्या तर तुमास्नी घिऊन कुटं जायचं?"

आईने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं तर. मला राग यायला हवा होता बहुतेक, पण आला नाही. जो माणूस तीस वर्षं भीत भीत जगला आणि ती भीती शिस्त म्हणून आम्हाला देत राहिला, त्याच्यावर काय रागवायचं? त्यांना मिठी मारावी असं फार वाटलं. पण आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा टाकला.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे वरच्या टेकडीवर फिरायला गेलो. तिथे उतारावर द्राक्षाचे मळे आहेत, तोडणी जवळ आली होती. साळुंक्यांएवढी काळी पाखरं थव्याने घडांवर बसली होती. पिकल्या पिकावर पाखरं बघून आबा चुळबुळायला लागले. लहानपणी भात लोंब्यांवर आला की ते बांधावर राखणीला बसायचे, हे मी ऐकून होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि एकदम, "हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!"

थवा उडाला. मी गारठले. रविवार, आणि समोरून एक वयस्क जोडपं येत होतं! मी मनात जर्मनमध्ये माफीचं वाक्य जुळवायला लागले. सांची डोळे विस्फारून आबांकडे बघत होती.

"आता तू," आबा म्हणाले. तिने तोंड उघडलं, चिमणीएवढा आवाज निघाला. "पाखरू हाललं का? न्हाई. पोटातनं काढ, पोरी. भ्यायचं न्हाई. मी हाय हितं." दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी तिने डोळे घट्ट मिटले, मुठी वळल्या, आणि जे काही बाहेर पडलं त्याने पलीकडच्या सगळ्या ओळींतली पाखरं भुर्र उठली. तिने डोळे उघडून आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते जोडपं थांबलं होतं. त्यातल्या बाईंनी वर उडणाऱ्या थव्याकडे बोट केलं, हसल्या आणि पुढे गेल्या. संदेश तर टाळ्याच पिटत होता. मला आणि आईला मात्र ओरडणं काही जमलं नाही. "आपलं राहू दे बाई," आई म्हणाली. तेही हळूच.

आई-आबा परत गेले. मी कितीदा सांगते, आबा, आता ते काम सोडा. ते ऐकत नाहीत. शेठांनंतर बंगला विकला गेला. नवे मालक शनिवार-रविवार तो पर्यटकांना देतात, पोहण्याचा तलाव झालाय, मोठमोठे स्पीकर वाजतात. त्या सगळ्या गोंगाटात गप्प असतात त्या फक्त मागच्या दोन खोल्या.

गेल्या आठवड्यात किटातल्या बाईंनी मला पुन्हा थांबवलं. सांची दिवसभर अंगणात हुर्रर्र करत फिरते, आता इतर मुलंही करतात, तेवढं जरा घरी समजावून सांगाल का? मी गंभीर चेहऱ्याने हो म्हटलं आणि कोपऱ्यावर वळल्यावर एकटीच हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

शनिवारी आबांना फोन लावला. तुमच्या नातीची तक्रार आलीय, म्हटलं. सगळं सांगितलं. पलीकडे आबा हसले. खदाखदा. मागून आईचा दबका आवाज आला, "अवो हळू. पाव्हणं हाईत."

"असू द्या की!" आबा म्हणाले. "माज्या नातीशी बोलतोय. कुटंय ती? सांचेऽऽऽ!"

आतल्या खोलीतून पळत येण्याआधीच तिने ओ दिली, "आबाऽऽऽ!" आणि खालच्या आजींनाही ती ऐकू गेली असणार.

तुमचं घर नेमकं कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी आजवर अडखळायचे. गाव तिकोणा पेठ, वाढले तुंगार्लीत दुसऱ्याच्या आवारात, राहते परदेशात. आता वाटतं, जिथे हाक मारायला भ्यावं लागत नाही, ते आपलं घर. माझ्या आबांना ते त्याच दोन खोल्यांत मिळालं, शनिवारी, भर पाहुण्यांत. मी फोन कानापासून लांब धरला आणि दोघांना मनसोक्त ओरडू दिलं.