वानगीचा तांदूळ

पवनीच्या धान्यबाजारात केशवरावांना कोणी फसवू शकत नसे, आणि त्यांच्या घराचा घात झाला तो याच गोष्टीने. पोत्यात हात घालून वानगी काढायची, मूठभर तांदूळ तळहातावर पसरायचा, एक दाणा दातांखाली धरायचा, बस. धान कुठल्या बांधीतलं, म्हणजे कुठल्या भातशेतातलं, जुन्यात नवं किती मिसळलं, सगळं सांगत. माणसंही ते अशीच पारखत. माझं टेलरिंगचं दुकान त्यांच्या समोरच, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एकोणीसशे ऐंशी साली त्यांच्या लेकीचं, चंद्रकांताचं, नागपूरचं मेडिकल थोडक्यात हुकलं. एकुलती एक पोर, दुसरं काही शिकायला तयार नाही. केशवरावांनी तर दुकानाच्या बाजूची खोली तिच्या दवाखान्यासाठी आधीच रिकामी करून ठेवली होती. मग नागपूरहून ताराचंद नावाचा एजंट येऊ लागला. अंगात सफारी, पायात पांढरे बूट आणि पिशवीत परदेशी कॉलेजांची गुळगुळीत चित्रं. त्याने तीन कॉलेजं समोर मांडली: एक रशियातलं, एक रुमानियातलं आणि एक फिलिपिन्सच्या कुठल्याशा बेटावरचं.

चंद्रकांताला रशियाला जायचं होतं. तिच्या शाळेतल्या घनश्याम गुरुजींचंही तेच मत. गुरुजी मुद्दाम नागपूरच्या मेडिकल कॉलेजात जाऊन विचारून आले होते. रशियातल्या त्या कॉलेजला आपल्याकडे मान्यता होती. बेटावरच्या कॉलेजचं नाव नागपूरच्या कारकुनाने ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मान्यता नसली तर पोरगी तिकडे डॉक्टर आणि इकडे कोणीच नाही, असं गुरुजी घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिले.

केशवरावांनी मात्र ताराचंदला भलतंच विचारलं. तिकडचे लोक खातात काय? रशियात पाव आणि बटाटे. रुमानियात मक्याचा सांजा. बेटावर दोन्ही वेळा भात. हे ऐकताच केशवरावांचा चेहरा उजळला. भात खाणारी माणसं लबाड नसतात असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या बाजारात ते रोज खोटं ठरे, पण ते जाऊ द्या. त्यांनी ताराचंदला फर्मावलं, तिथल्या तांदळाची वानगी आण.

थोड्याच दिवसांत तो रुमालात बांधून वानगी घेऊन आला. केशवरावांनी दाणा चावला, डोळे मिटले आणि खूश होऊन मान हलवली. गुरुजींनी पुन्हा मान्यतेच्या कागदाचा विषय काढला.

"गुरुजी, कागद खोटा असू शकते," केशवराव म्हणाले. "दाना नाई."

त्यांच्या पत्नी शकुनबाईंनी तो तांदूळ लगेच शिजत घातला. वास रस्ता ओलांडून माझ्या मशीनपर्यंत आला आणि माझा पाय पायडलवरच थांबला. हा वास आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. मी उठून समोर गेलो, तेवढ्यात शकुनबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी हलक्या आवाजात बोलल्या.

"अवो, हा त आपला चिन्नोर होय."

चिन्नोर म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचा सुवासिक तांदूळ. तो समुद्रापलीकडे कसा पिकेल? केशवरावांनी रुमालात उरलेला एक दाणा पुन्हा चावला. मी त्यांच्या तोंडाकडेच पाहत होतो. मग ते हसले.

"असंन. मंग त बरंच झालं. पोरीले घरच्यासारखंच वाटंल."

ताराचंद जेवायला थांबला नाही. बस गाठायची म्हणाला, आणि बसला तर अजून पुष्कळ वेळ होता. जरा थांबा, चौकशी करा, असं मी केशवरावांना म्हटलं, तर तू आपलं कापड पाहा म्हणून माझ्यावरच खेकसले. फीसाठी तलावाखालची बांधी विकली गेली आणि चंद्रकांता बेटावरच्या कॉलेजात गेली. तिला विमानतळावर पोचवून आल्यावर शकुनबाईंनी कितीतरी दिवस घरात चिन्नोर शिजवला नाही.

पुढची वर्षं गेली. पोरीची पत्रं येत, खाणंपिणं ठीक आहे, काळजी करू नका, असं परगावची लेकरं लिहितात तेच त्यांत असे. ताराचंद पुन्हा पवनीत दिसला नाही. सत्त्याऐंशीत चंद्रकांता परत आली, तेव्हा दवाखान्याच्या त्या खोलीवर तिच्या नावाची पाटी लागलेली होती, नावाआधी 'डॉ.' मोठ्या तांबड्या अक्षरात.

त्या दुपारी मलाही जेवायला बोलावलं होतं. शकुनबाईंनी चिन्नोर वाढला. चंद्रकांताने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, असा भात तिकडं एकदाबी नाई भेटला."

केशवरावांचा हात ताटातच थांबला. असा दाणा तिथं पिकतच नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. ती हसली. तिथला तांदूळ जाड आणि उग्र वासाचा, चिन्नोरचं तिथं कोणाला नावही ठाऊक नाही, म्हणाली. मग उत्साहाने सांगू लागली की उद्याच नागपूरला जाऊन डॉक्टरांच्या सरकारी यादीत नाव लावून घेऊ आणि लगेच दवाखाना उघडू. शकुनबाईंनी पदर तोंडाला लावला. मला गुरुजींनी सांगितलेला तो नागपूरचा कारकून आठवला.

केशवराव हात न धुताच उठले. बाहेर स्टूल लावून ते पाटीचे खिळे उपसू लागले. शकुनबाई स्टूल धरून उभ्या राहिल्या.

"बाबा, पाटी काहून काढून राहिले?" चंद्रकांता दारातून विचारत होती.

त्यांनी पाटी खाली उतरवली आणि अक्षरं भिंतीकडे करून ठेवली.

"तो तांदूळ आपलाच होता, बेटा," ते म्हणाले. "मले मालूम होतं."