किटली आधी, सासरे मागून

मागच्या उन्हाळ्यात इमानकुलच्या घरी हॉलंडचं एक जोडपं उतरलं होतं. म्हाताऱ्याने त्यांचं मनापासून आगतस्वागत केलं आणि पाठ केलेलं सगळं इंग्रजी त्यांच्यापुढे रिकामं केलं. "यू विल ईट." ते मुकाट्याने जेवले. "यू विल स्लीप." झोपले. झोपता झोपता दारातून आलं, "टुमॉरो यू विल राइड हॉर्स." सकाळी कोंबडा आरवायच्या आत दोघं पसार. घोडा बिचारा खोगीर लादून उभाच.

गावभर हसं झालं, पण हसून भागणार नव्हतं. सरोवराकाठच्या त्या गावात निम्मी घरं पाहुण्यांवर चालतात. म्हाताऱ्यांना हुकूम सोडण्याऐवजी विचारायला शिकवा, असं सगळ्यांनी ठरवलं. शिकवणार कोण? इमानकुलची सून, चिनारा.

लग्नाआधी चिनारा काराकोल शहरात दोन वर्षं इंग्रजी शिकत होती. मग सासरी आली आणि नऊ वर्षं दाराशी बसून चहा ओतत राहिली. सुनेची जागा दाराशी, सासऱ्याची दारासमोरच्या भिंतीला, मानाची. चहा ओतायचा तोही अर्धाच पेला, म्हणजे पुन्हापुन्हा ओतता येतो आणि पाहुण्याला कळतं की अजून बसायचंय. काठोकाठ पेला म्हणजे प्या आणि निघा. चिनाराचा हात असा बसलेला की डोळे मिटून ओतलं तरी थेंबही जास्त पडायचा नाही.

त्याच हाताने तिने नुकतंच आलेलं एक पत्र खिशात दडवलं होतं. काराकोलला शिक्षकांचा दोन महिन्यांचा वर्ग, तो पुरा केला की गावच्या शाळेत नोकरी. पुढच्या शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. नवरा म्हणाला, "माझी ना नाही. बाबांना विचार." विचार म्हणे! मीठ हवं का, याच्यापलीकडे तिने सासऱ्याला कधी काही विचारलं नव्हतं, आणि सासऱ्याने तर तिला तेवढंही नाही. तो सांगायचा, ती करायची.

वर्गात विद्यार्थी तीन. इमानकुल, शेजारचा घोडेवाला ओरोझबेक आणि त्याची बायको उमुतकान आजी. फळा नव्हता, म्हणून चिनाराने दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या कापडाभोवती, माणसंच शब्दांसारखी बसवली. मानाच्या जागी इमानकुल म्हणजे "यू". त्याच्या खाली, दाराच्या बाजूला, ती स्वतः, "विल", कारण तो हरकाम्या शब्द. मग ओरोझबेक "ड्रिंक" आणि आजी "टी".

"हे झालं सांगणं," चिनारा म्हणाली. "विचारायचं असलं की 'विल' उठून 'यू'च्या वर जाऊन बसतं."

"म्हणजे तू माझ्या वर?" इमानकुलने विचारलं.

"मी नाही, मामंजी. शब्द."

"पण शब्द तूच आहेस ना?"

ओरोझबेकने मांडीवर थाप मारली. "सून सासऱ्याच्या डोक्यावर! तरीच तिकडचे म्हातारे घर सोडून जगभर भटकतात."

धडा तिथेच अडला. शेवटी उमुतकान आजीच म्हणाली, "अरे, तिच्या जागी किटली बसवा. किटलीला कसली आलीय लाज?"

किटलीला उशी मिळाली. ती खाली असली की हुकूम, इमानकुलच्या वर सरकली की सवाल. त्या खोलीत इतकं हसू पूर्वी कधी ऐकू आलं नव्हतं. आठवड्याभरात इमानकुलला तर नादच लागला. कोंबड्यांना "विल यू ईट?", मेंढ्यांना "विल यू स्लीप?", आणि घोड्याच्या कानात अगदी अदबीने, "विल यू रन?" घोडा धावला नाही, पण म्हाताऱ्याने रागही धरला नाही. विचारलं होतं, घोड्याला नाही म्हणायची मुभा होती.

शुक्रवारी शेवटचा धडा. चिनाराचा हात सारखा खिशाकडे जात होता. उमुतकान आजीपासून गावातलं काही लपत नाही.

"इमानकुल, तुझ्या सुनेच्या खिशात अकरा दिवस एक पत्र पडलंय, हे काही मी तुला सांगणार नाही," ती म्हणाली.

इमानकुलने हात पुढे केला. चिनाराला द्यावंच लागलं. त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.  चिनाराला वाटलं, आता एक वाक्य येईल, 'तू जाणार नाहीस', आणि संपेल सगळं.

म्हाताऱ्याने वरच्या उशीवरून किटली उचलली.

"इथे बस."

"मामंजी, मी कशी..."

"शिकवताना तर तूच सांगतेस. विचारायचं असलं की तू वर." आणि तो स्वतः खाली सरकला.

चिनारा उशीच्या कडेवर टेकली. इमानकुलने घसा खाकरला. "विल... यू... गो काराकोल?"

"टू काराकोल, मामंजी," तिच्या तोंडून निघून गेलं.

"आधी उत्तर दे. चुका मग काढ."

तिला हसू आवरेना आणि रडूही. इंग्रजी तर पार पळालं. तिने नुसती मान डोलावली, एकदा, दोनदा, मग मान डोलतच राहिली.

"आणि आता चहा कोण ओतणार?" ओरोझबेक म्हणाला.

किटली इमानकुलच्याच हातात होती. जन्मात कधी चहा न ओतलेल्या माणसाने पेल्यात धार धरली. अर्ध्यावर आल्यावर तो थांबला. सुनेकडे पाहिलं. आणि पुन्हा ओतायला लागला, सावकाश, पेला काठोकाठ भरेपर्यंत.

चिनाराने तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात संपवला.