तक्रार निवारण अधिकारी

"चुकलं माझं," असं म्हणत मावशी आत यायच्या. चप्पल काढताना म्हणायच्या, खुर्ची ओढताना म्हणायच्या. रिक्षावाल्याने उलट्या बाजूने येऊन धक्का दिला तरी त्याच म्हणायच्या आणि उजव्या हाताची दोन बोटं कानाच्या पाळीला लावायच्या. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा जिन्यातले दिवे गेले होते. तेही त्यांचंच चुकलं होतं.

तुम्ही डोंबिवलीचे असाल तर कदाचित त्यांच्या हातून तुमची अंघोळ झालेली असेल. तुम्हाला ते आठवणार नाही, तेव्हा तुमचं वय दहा-पंधरा दिवसांचं होतं. ठाकुर्लीपासून इकडे कितीतरी घरांत त्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला जात. पाय लांब करून बसायच्या, बाळ पायांवर घ्यायच्या, टाळू भरायच्या, उटणं चोळायच्या. पाणी पडल्यावर बाळ किंचाळलं की त्याचीही माफी मागायच्या. "चुकलं रे माझं राजा, गरम झालं?"

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते इंटरनेटवर आहे आणि त्याच्यापुढे जे लिहिलं आहे ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे. खरं तर एका घरी जाऊन ते तोंडाने सांगायला हवं. तेवढी हिंमत नाही, म्हणून छापायला देतो आहे.

मी वकील. कल्याणच्या कोर्टात पागडीच्या आणि सामाईक भिंतींच्या भांडणांवर आयुष्य काढलं. साठी उलटल्यावर ठाण्याला एका शिबिरात जाऊन बसलो आणि परत येऊन पाटीवर 'ऑनलाइन व्यवसायांसाठी कायदेशीर सल्ला' अशी ओळ रंगवून घेतली. घरोघरी बायका फोनवरून लोणची, कुर्ते, राख्या विकत होत्या. त्यांना कायदा माहीत नव्हता. मला जेमतेम माहीत होता, पण घाबरवता उत्तम येत होतं.

मावशींना त्यांची सून प्राजक्ता घेऊन आली. "काका, आईंचं उटणं आम्ही ऑनलाइन विकतोय. वेबसाइट पण केलीय. एवढ्या ऑर्डरी येतायत ना!"

"साइटवर अटी आहेत?"

"आहेत ना. एका मोठ्या साइटच्या कॉपी केल्या."

मी वाचल्या. त्यानुसार डोंबिवलीच्या उटण्यावरून वाद झाला तर तो अमेरिकेतल्या कोर्टात चालणार होता. मी हसलो. मावशींचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. तिथवर मला जायला लागेल का हो?"

अटी मी नव्याने लिहिल्या. ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि फोन साइटवर द्यावा लागतो. घरात माणसं दोनच. सून बाकीचं सगळं बघणार, म्हणून मी मावशींचं नाव टाकलं.

"मी? अधिकारी?" त्या पदर सावरून ताठ बसल्या. "काय करायचं असतं?"

"तक्रार आली की दोन दिवसांत पोच द्यायची. महिन्याभरात निवारण करायचं."

"एवढंच? महिनाभर कशाला थांबायचं? त्याच दिवशी जाईन मी."

पुढे काही महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. मावशी हॉस्पिटलात जायला म्हणून घरातून निघाल्या होत्या. प्राजक्ताने त्यांना अर्ध्या वाटेतून माझ्याकडे आणलं होतं.

"चुकलं माझं, साहेब," त्या म्हणाल्या. "आंबेहळद गावाहून येते ती संपलेली. ऑर्डरी थांबेनात, म्हणून बाहेरची घेतली. वास वेगळा होता तिचा. मला कळलं होतं. तरी दळली."

एका बाळाच्या अंगावर त्या उटण्याने पुरळ उठून चेहरा सुजला होता. बाळ हॉस्पिटलात होतं. बाळाच्या आईलाही लहानपणी मावशींनीच न्हाऊ घातलं होतं. तिचा मेसेज प्राजक्ताने मला दाखवला. 'मावशी, उटण्यात नक्की काय काय आहे? डॉक्टर विचारतायत. लगेच सांगा.'

"तुम्ही आत्ता जे बोललात ते बोलला नाहीत," मी म्हणालो, "आणि मी ते ऐकलं नाही."

"पण मी बोलले ना."

"नाही बोललात."

"साहेब, डॉक्टर विचारतोय. हळद बदललीय एवढं सांगितलं तर त्याला औषध देता येईल."

"आणि उद्या पोलीस विचारतील. परवान्याचे कागद अर्धवट आहेत तुमचे. आत जायचंय? जाताना सुनेला पण घेऊन जा."

प्राजक्ता रडायला लागली. मला बरं वाटलं. अशील रडलं की सल्ला लागू पडला असं मी समजत असे.

"मग नुसती बाळाजवळ जाऊन बसते," मावशी म्हणाल्या. "काही बोलत नाही."

"जाऊन बसणं ही कबुली. माफी ही कबुली. आणि तुमचं ते वाक्य आजपासून बंद." मी कानाच्या पाळीला दोन बोटं लावून, मान वाकडी करून त्यांची नक्कल केली. "चुऽकलं माऽझं!" प्राजक्ता रडतारडता हसली. मग मावशीही हसल्या, पाहुण्यांसमोर हसतात तशा.

उत्तर मी सांगितलं, प्राजक्ताने टाइप केलं. 'आपली तक्रार नोंदवली आहे. उत्पादनातील घटक हे आमचे व्यावसायिक गुपित असल्याने उघड करता येत नाहीत.' खाली मावशींचं नाव आणि पद.

"माझं नाव कशाला?" त्यांनी विचारलं.

"कायदा आहे."

डॉक्टर काही दिवस अंदाजाने औषधं बदलत राहिले. बाळ वाचलं. एका गालाची कातडी काळी पडली ती तशीच राहिली.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभं राहून त्या आईने एक व्हिडिओ केला. माझं उत्तर त्यात वाचून दाखवलं आणि म्हणाली, "या बाईंनी मला न्हाऊ घातलंय. आज माझ्या बाळाच्या अंगाला काय लावलं ते त्यांचं गुपित आहे." मी तिला बदनामीची नोटीस पाठवली. माझ्या हातून उतरलेली ती सगळ्यांत सुबक नोटीस. लेकराच्या उशाशी बसलेल्या बाईला मी 'हेतुपुरस्सर खोडसाळपणा' हे शब्द लिहिले आणि ते वाचायला जमेल म्हणून टाइप थोडा मोठा ठेवला.

तिने नोटीसही व्हिडिओत दाखवली. मग काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं, काहींनी हातभारही लावला असेल. 'पूतनामावशी' हे नाव तेव्हा पडलं. 'हिलाच फासा हिचं उटणं.' 'बुढ्ढी वकील करके बैठी है, सॉरी तक नहीं बोली.' त्यांच्या दारावर कोणीतरी हळद कालवून थापली. ज्यांच्या घरी त्यांनी मुलगी आणि नात दोघींना न्हाऊ घातलं होतं, त्या आजीबाईंनी दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे नको आता. उगाच लोक बोलतात."

फोन तर साइटवरच होता. दिवसभर वाजायचा. प्राजक्ता म्हणाली, "आई, बंद करून ठेवा." मावशींनी ऐकलं नाही, अधिकारी होत्या ना. माणूस समोरून आयाबहिणींवरून शिव्या द्यायचा, मावशी शेवटपर्यंत ऐकायच्या आणि मी पाठ करून घेतलं होतं ते म्हणायच्या, "आपली तक्रार नोंदवली आहे." एकदा माझ्या समोरच असा फोन आला. तो ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "बरोबर बोलले ना?"

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो.

अखेर दोन्हीकडची माणसं थकली आणि तडजोड झाली. व्हिडिओ काढायचा, नोटीस मागे घ्यायची. तिसरी अट होती, दोन्ही पक्षांनी यापुढे एकमेकांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क साधू नये. ही अट कोणीच मागितली नव्हती. बाळाच्या आईने नाही, मावशींनी तर नाहीच. एका दुकानदार बाईला छळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मी ती पूर्वी लिहिली होती. तोच मसुदा उघडून नावं बदलली. अट तिथे होती, ती राहू दिली. आम्ही वकील अट सहसा काढत नाही. समोरचे वकीलही काही बोलले नाहीत.

मावशींनी मात्र प्रत्येक ओळ समजावून घेतली. "म्हणजे वाटेत दिसली तर?"

"तोंड फिरवायचं."

"आणि पोर दिसलं तर?"

"पोर त्या पक्षातच येतं."

त्यांनी सही केली.

मूळ व्हिडिओ निघाला. लोकांनी उतरवून ठेवलेले निघाले नाहीत. ते कसे काढायचे हे मला ठाऊक नव्हतं आणि मी ते कबूल केलं नाही. दुकान बंद झालं. न्हाऊ घालायला कोणी बोलावेना.

एका संध्याकाळी भाजीबाजारात मी कोथिंबीर निवडत होतो. समोरून ती आई आली, पोर कडेवर. मावशी तिच्यापासून दहा पावलांवर होत्या. त्यांनी चटकन एका बंद दुकानाकडे तोंड केलं आणि शटरला नाक लागेल अशा उभ्या राहिल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. पोर पुढे जाईपर्यंत हलल्या नाहीत. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय ही बाईची ताठ मान! मला वाटलं, अशील असावं तर असं.

अधूनमधून त्या ऑफिसात यायच्या. काम नसायचं. "पोर चालायला लागलं का हो?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला बंदी नाही ना, साहेब. बघा ना एकदा विचारून. गाल बरा झाला का तेवढं."

"मावशी, मला दुसरी कामं आहेत."

गेल्या वर्षी त्या गेल्या. चार-सहा माणसं होती. त्यांनी न्हाऊ घातलेलं त्यात कोणी नव्हतं.

काही आठवड्यांनी ती आई माझ्याकडे आली. बरोबर मुलगा. तो टेबलावरचा पेपरवेट गरगर फिरवायला लागला. गालावर डाग होता, तुम्हाला सांगितलं नसतं तर दिसला नसता इतका पुसट झालेला.

"काका, मावशी गेल्या असं कळलं," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. आम्हाला बघून त्या भिंतीकडे तोंड करायच्या. माझ्यावर राग होता, ठीक आहे. पण यानं काय केलेलं? संपर्काची ती अट त्यांनीच घालायला लावली होती ना?"

सांगायचं होतं ते एवढंच होतं. अट मी घातली. त्या तर पहिल्याच दिवशी तुझ्याकडे निघाल्या होत्या. हे सांगून आता कोणी आत जाणार नव्हतं.

मी चष्मा पुसला. "वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं बाहेर सांगता येत नाही," मी म्हणालो. "अशील हयात नसलं तरी."

कायदा अगदी असाच आहे.

तिने मान हलवली. माझं उत्तर तिने 'हो' म्हणून घेतलं आणि मी तिला ते घेऊ दिलं. मुलाच्या हातातला पेपरवेट काढून तिने कागदांवर नीट ठेवला आणि त्याला घेऊन जिना उतरली.