गुळगुळीत कागदाचं जपानी

पेणला गणपतीच्या ज्या कारखान्यात मी कामाला होते, तिथे कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही व्हायच्या. त्यासाठी रद्दीचे गठ्ठे येत. वर्तमानपत्रं फाडून आम्ही बायका पिंपात भिजत घालायचो. गुळगुळीत कागद मात्र भिजता भिजत नाही, म्हणून मासिकं बाजूला निघत आणि मूर्ती पेटीत भरताना सोंडेभोवती, हातांभोवती गुंडाळली जात. एका मोसमात त्यात जपानी मासिकं निघाली. कुठून आली, देव जाणे. चित्रं छान होती म्हणून मी चार-पाच घरी आणली.

घरी बाबा होते. जन्मभर त्यांनी गणपतीचे डोळे आखले होते. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताने काहीतरी गिरवत राहा. मी पाटी पुढे केली तर म्हणाले, "मी काय बालवाडीत हाय?" जपानी अक्षरांची मात्र त्यांना लाज वाटली नाही, कारण ती मलाही येत नव्हती. ते गिरवायचे आणि मी मोबाइलवर अर्थ शोधायचे. अशी आमची शाळा भरली.

सुरुवातीला आम्ही मासिकं चक्क उलटी वाचली. आपल्याला जे पहिलं पान वाटतं ते त्यांचं शेवटचं. त्यामुळे आधी जाहिराती शिकलो, मजकूर नंतर. त्यातलं एक मासिक म्हाताऱ्यांसाठी होतं. गुडघ्यांचे व्यायाम, न घसरता अंघोळ, दात नसलेल्यांसाठी मऊ भात. त्या भाताची कृती मी मोबाइल न उघडता वाचली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. वाचून बाबांना सांगितली.

"म्हंजे पेजच ना गो?" ते म्हणाले. "एवढ्या लांब जाऊन शेवटी पेजच."

माझा भाऊ रोह्याजवळ अष्टमी गावात राहतो, केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. त्यानेच रोह्यातला जपानीचा क्लास शोधला. तिकडे जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायला मुली हव्या असतात, पगार चांगला असतो, बाबांच्या औषधांचं भागेल, असं त्याचं गणित होतं. ते चूक नव्हतं. मूर्तीचं काम गणपतीपर्यंत. पुढे हात रिकामे.

क्लासच्या सरांनी मला फळ्यावर लिहायला लावलं आणि कपाळाला हात लावला. अक्षर सुरेख होतं, पण क्रम सगळा चुकीचा. त्या अक्षरांत कुठली रेघ आधी, कुठली नंतर हे ठरलेलं असतं. आमच्याकडे दुसरंच ठरलेलं होतं. बाबांच्या शिस्तीत आधी बाहेरच्या रेघा, आतला ठिपका अगदी शेवटी, कारण मूर्तीचं बुबुळ शेवटी भरायचं असतं. घरी येऊन मी हे सांगितलं.

"बुबुळ आधी काढलं तर तो आपल्याकडंच बघत राहतो," बाबा म्हणाले. "मग हात चालत नाय."

मी माझं लिहिणं सुधारलं. त्यांनी त्यांचं तसंच ठेवलं.

जपानच्या कामाची मुलाखत भावाच्या घरून दिली. सकाळी बाबांच्या उशाशी तांब्या-भांडं ठेवलं, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रोह्याला गेले. मोबाइलवर दोन जपानी बायका होत्या. घरी कोण असतं, त्यांनी विचारलं. वडील, आजारी आहेत. त्यांचं कोण करतं? मी. काय काय करता? मग मी त्या मासिकातल्या भाषेत सांगत सुटले: कुशीवर वळवते, अंघोळ घालते, पेज भरवते. त्या दोघी माना डोलवत होत्या. माझी निवड तिथेच झाली. बाबांचं नीट करते, म्हणून मला बाबांना सोडून जायला मिळणार होतं. याचा मला संताप आला, पण कुणावर करावा ते कळेना.

संध्याकाळी घरी आले तर भांडं आडवं पडलेलं आणि उशी ओली. सवयीने त्यांनी उजवा हात पुढे करून पाहिला असणार. मी निवड झाल्याचं सांगितलं. "जा," ते म्हणाले.

भावाकडे एकच खोली, वहिनीही कामाला जाते. म्हणून बाबांसाठी जवळच्या गडब गावची एक बाई ठरवली. ती सकाळी एसटीने येणार, संध्याकाळी परत; रात्रीचं शेजारीण बघणार. तिचा हात हलका होता, पेज न सांडता भरवायची. दोन दिवस बाबा तिच्याकडे नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी तिच्यासमोरच त्यांनी मला विचारलं, "हिचा बाप हाय?"

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तीच म्हणाली, "हाय ना. घरीच पडून हाय."

"मग त्याचं कोण करतं?"

तिने चमचा खाली केला नाही. "उशाशी पानी ठेवून येतंय मी," ती म्हणाली. "दुसरं काय करनार?"

पुढच्या आठवड्यात मी निघाले. इथे जपानात रोज सकाळी एका आजोबांच्या उशाशी मी पाणी ठेवते, तेव्हा आधी तो गडबचा तांब्या आठवतो. बाबांचा त्यानंतर.