आत्यांनी अडवलेली फाइल

आमच्या कंपनीत परदेशी नेमणुकांचे कागद पाहणाऱ्या बाईंना शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे आत्या म्हणतात. मी एकोणीस वर्षे त्यांच्या समोरच्या टेबलावर बसतो, म्हणून खात्रीने लिहितो: त्यांची एक पद्धत कोणत्याही नियमपुस्तकात नाही. नेमणूक नवऱ्याची असो वा बायकोची, सोबत जाणाऱ्याला समोर बसवून बोलल्याशिवाय त्यांच्याकडून फाइल हलत नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका इंजिनिअर मुलीला तीन वर्षांसाठी बाहेर पाठवायचे ठरले. 'जोडीदाराचा व्यवसाय' या रकान्यात तिच्या नवऱ्याने स्वतः लिहिले होते, 'काही नाही'.

दोघे आले तेव्हा आत्यांनी आधी त्याची नखे पाहिली. कडांना प्लास्टर चिकटले होते.

"जावईबापू, काही न करणाऱ्याचे हात असे नसतात."

"तो कृत्रिम पाय बनवतो, आत्या," मुलगी म्हणाली. "आठ वर्षं झाली."

"मग लिहायला काय झालं?"

"माझ्या कागदांपायी हिची नेमणूक लटकायला नको," तो म्हणाला. "तिकडे गेल्यावर बघू काहीतरी."

"गेल्यावर काही बघता येत नाही. कामाची परवानगी हिच्या अर्जाबरोबरच मागायची असते, आणि त्याला तिथल्या कामाच्या जागेचं पत्र लागतं. नाहीतर तीन वर्षं घर सांभाळाल."

"सांभाळेन की."

"सांभाळाल हो. पण परत आल्यावर हात पूर्वीसारखा चालेल का?"

तो नखाच्या कडेचे प्लास्टर खरवडू लागला. साच्यावर केसभर चूक झाली तरी माणूस लंगडतो, हे त्याच्याइतके आम्हाला कुठे ठाऊक!

तो मंगळवार होता. अर्ज शुक्रवारी जायचे होते. आत्यांनी फाइल कपाटात ठेवून कुलूप लावले, तसे साहेब स्वतः आले.

"एका माणसासाठी सगळं अडवणार?"

"माणसं दोन जाताहेत, साहेब."

"शुक्रवारी पाचला फाइल आली नाही, तर दुसऱ्याला पाठवीन."

आत्यांनी मुलीकडे पाहिले. आता घास तिच्या तोंडचा जाणार होता.

"थांबू या," ती म्हणाली. नवरा नको नको म्हणत होता. "तू गप्प बस. माझी नेमणूक आहे, मी ठरवते."

आजवर सोबत म्हणून गेलेल्या प्रत्येकाचा पत्ता आत्यांच्या वहीत आहे. पाच वर्षांपूर्वी त्याच शहरात गेलेल्या एका परिचारिकेला त्यांनी फोन लावला. तिच्या रुग्णालयाशेजारीच कृत्रिम अवयवांची कार्यशाळा निघाली. जावईबापूंनी बनवलेल्या बारा पायांची छायाचित्रे आणि त्यांच्या वरिष्ठांचे शिफारसपत्र बुधवारीच रवाना झाले. गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी आत्यांनी डबा उघडला नाही. पावणेचारला पत्र आले: आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने पाहू.

"तीनच दिवस मिळाले," आत्या जरा खजील होऊन म्हणाल्या.

"आत्या, मी शून्य धरून चाललो होतो."

साडेचारला मुलगी स्वतः फाइल घेऊन साहेबांकडे गेली.

तिथे पोचल्यावर महिन्याभराने त्याचा निरोप आला. आत्यांनी मला वाचून दाखवला: 'आज इथला पहिला पाय बसवला. आजोबा दारापर्यंत जाऊन परत आले. दुखतं का, हे विचारायला शब्द येईना, म्हणून गुडघ्यावर हात ठेवून विचारलं.'

आत्यांनी चष्मा सावरला आणि एका बोटाने उत्तर लिहिले: 'तेवढे दोन शब्द आधी शिका. बाकीची भाषा सवडीने.'