नाकवाले मिस्त्री आणि पांढरा फडका

नाकवाल्या मिस्त्रींचा गाडीमालकांवर काडीचा विश्वास नव्हता. "काही केलं नाही हो, आपोआप बिघडली," असं म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी निम्मा गुन्हेगार. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. ऑटोमॅटिक गाडी आली की इंजिन गरम करायचं, ते चालू ठेवूनच गिअरबॉक्समधलं तेल मोजायची पट्टी, म्हणजे तेलपट्टी, ओढायची, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर पुसायची, आणि स्वतः हुंगून झालं की फडका थेट मालकाच्या नाकाखाली. "घ्या वास. उद्या म्हणू नका, मिस्त्रीनं फसवलं." तेल जळकं लागलं तर आतल्या क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवायचा. नुसतं काळं असलं तर बहुतेक वेळा तेल बदलून भागायचं. या नाकावर तीस वर्षं धंदा चालला होता आणि नावही त्यावरूनच पडलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रींना आठवडाभर ताप आला. ताप गेला तो वास घेऊनच गेला. साबण, कांदा, पेट्रोल, सगळं एकच. मिस्त्रींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. नाक गेलेल्या नाकवाल्याकडे गाडी लावणार कोण? समोरचा गॅरेजवाला तर ही बातमी गल्लीभर सांगत सुटला असता. मग त्यांनी फडका तसाच चालू ठेवला. आधी स्वतः हुंगल्याचं नाटक करायचं, मग मालकाला हुंगवायचं आणि गुपचूप त्याचा चेहरा वाचायचा. चेहरा वाकडा झाला की म्हणायचं, "जळालंय. मी सांगणारच होतो." आजवर निभावलं होतं.

त्यात बायकोनं नवीनच काढलं होतं. पंचवीस वर्षांत जिनं गॅरेजचा उंबरठा ओलांडला नाही, ती त्या तापानंतर रोज अकराच्या ठोक्याला चहाचा थर्मास घेऊन हजर. बरं, चहा देऊन जावं की नाही? ती कोपऱ्यातल्या डब्यांपाशी घुटमळायची, गाड्यांखाली वाकून बघायची, मागच्या खोलीतही एक चक्कर मारून यायची.

"काय शोधतेस?"

"काही नाही. बघतेय आपली."

मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या भावाचा दुकानासाठी या जागेवर कधीपासून डोळा होता. बहीणभावांचं काहीतरी शिजतंय, हे त्यांनी पक्कं ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून चहा न बोलता प्यायला सुरुवात केली.

अशात एका सकाळी शाळेतल्या एक बाई आल्या. गाडी ऑटोमॅटिक, बावीस वर्षांची.

"चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही पळत नाही," बाई म्हणाल्या. "मला बारापर्यंत निघायचंय. घाटापलीकडच्या दवाखान्यात वडिलांचं ऑपरेशन झालंय, त्यांना घरी आणायचंय. घाट चढेल का, तेवढं सांगा."

"तेल कधी बदललं होतं?"

"आठवत नाही."

आठवत नाही म्हणे! मिस्त्रींनी गाडी मागच्या चढावर नेऊन पाहिली. बाई म्हणत होत्या तसंच झालं. इंजिनाचा आवाज चढला, गाडी जागच्या जागी. परत येऊन त्यांनी तेलपट्टी ओढली. तेल बरोबर खुणेवर होतं, म्हणजे कमी पडल्याची भानगड नव्हती. फडक्यावर डाग पडला काळपट. आता सगळं वासावर आलं. मिस्त्रींनी डोळे मिटून जोरात हुंगलं आणि फडका बाईंच्या नाकाखाली धरला.

बाईंचा चेहरा हलला नाही.

"मला चार दिवस सर्दी आहे हो," त्या म्हणाल्या. "नाक पार चोंदलंय. तुम्हीच सांगा. तुमच्या नाकाचं ऐकूनच आलेय."

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. नेमकी आजच सर्दी? त्यांनी समोरच्या गॅरेजकडे नजर टाकली. तो गॅरेजवाला दारात उभा राहून इकडेच बघत होता.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मुख्याध्यापिकाबाईंनी."

"का?"

"का म्हणजे? त्यांची गाडी तुम्ही केली होती ना!"

बाई शिंकल्या. शिंक तरी खरी वाटली. गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण उघडलं असतं तर वासावाचूनही कळलं असतं, पण त्यात अर्धा दिवस जाणार आणि बाईंना तासाभरात निघायचं होतं. 'जा, काही होत नाही,' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. शब्द ओठांवर आले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर घाट आला. अर्ध्या चढावर थांबलेली गाडी, मागच्या सीटवर टाके घातलेला म्हातारा. ते नुसतेच फडका चुरगाळत उभे राहिले.

अकरा वाजले. बायको आली. थर्मास फळीवर ठेवून तिनं दोघांकडे एकदा पाहिलं, कुणी काही न सांगता नवऱ्याच्या हातातला फडका काढून घेतला आणि नाकाला लावला.

"जळकंय," ती म्हणाली. "चांगलंच जळकंय."

"मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

मी सांगणारच होतो, हे वाक्य आठ महिन्यांच्या सवयीनं जिभेवर तयार होतं. मिस्त्रींनी ते गिळलं.

"बाई, मला वास येत नाही. आठ महिने झाले. हिला येतो. गाडी घाटात नेऊ नका."

बाईंनी नाक पुसलं. "म्हणजे आपल्या तिघांत मिळून एकच नाक," त्या म्हणाल्या. किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी फोन करून भाड्याची गाडी बोलावली आणि निघून गेल्या.

बाईंची पाठ वळताच मिस्त्री गाडीखाली शिरले. बायकोच्या शब्दावर तरी सरळ विश्वास ठेवतील तर ते मिस्त्री कसले! बायको स्टुलावर बसून राहिली. दुपार कलताना झाकण सुटलं. तळाशी प्लेटांच्या जळक्या अस्तराच्या काळ्या खपल्या साचल्या होत्या.

"पटलं?" वरून आवाज आला.

मिस्त्री बाहेर आले. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. शेगडी विझून नुसता गॅस सुटला होता, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"आणि इथे रोज काय शोधतेस?"

"पेट्रोल," ती म्हणाली. "कुठे गळत असलं तर तुम्हाला कळणार आहे का? शेजारीच वेल्डिंग करता. घरी बसून माझा जीव थाऱ्यावर राहत नव्हता."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं, तुझ्या भावाला ही जागा..."

"तेही माहीत होतं."

मिस्त्रींनी हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले. सकाळचा थर्मास तसाच पडून होता. त्यांनी झाकणात चहा ओतला आणि पहिल्यांदा तिच्यापुढे धरला.

"उद्यापासून नऊला ये," ते म्हणाले. "पहिली गाडी नऊला लागते."