लाल आणि तांबडा

सांगलीला हळदीच्या गोदामात कामाला लागलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आठवीतून शाळा सुटली होती. घर फलटणच्या पूर्वेला, माळावर. आमच्याकडे मेंढरं. दिवसभर हळकुंडं निवडायची. संध्याकाळी अंग धुतलं तरी नखांतली हळद जात नसे, भाकरीलासुद्धा तिचा वास यायचा.

राहायला जागा दिली ती एका निवृत्त हवालदारांनी. ते मूळचे कोरेगावकडचे, फौजेत वायरलेसवर होते. गोठ्याला लागून असलेली पत्र्याची खोली त्यांनी मला दिली. त्यांच्या मंडळी, ज्यांना मी मावशी म्हणे, सणावाराला हाक मारून जेवायला बसवायच्या. त्या परक्या गावात माझं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या उपकारांचं ओझं तेव्हाही होतं, आजही आहे. त्यामुळं पुढचं लिहिताना हात अडखळतो.

गोदामाच्या सुट्टीच्या दिवशी हवालदार मला रेडिओ दुरुस्ती शिकवायचे. स्वतःचा छंद म्हणून करायचे. त्यांचा पहिला हुकूम माल जमवण्याचा.

"फौजेत स्पेअर हाताशी नसलं तर सेट उघडत न्हाईत," ते म्हणत. "आधी साठा कर, गड्या. मग कारागिरी."

साठा सांगलीत करायचा तर एकेक नग मागावा लागे आणि दुकानदार हातावरची हळद बघूनच तोंड फिरवी. शेवटी आमच्या गोदामाची हळद मुंबईला नेणाऱ्या ट्रकड्रायव्हरला मी गळ घातली. तिसऱ्या खेपेला त्यानं एक कापडी पिशवी माझ्या पुढ्यात टाकली. "घे तुझं बी-बियाणं. पेर आन् बघ रेडिओ उगवतोय का!"

पिशवीत सगळ्या जातीचे रेझिस्टन्स एकत्र होते. रेझिस्टन्स म्हणजे वीज अडवणारी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तू. तिच्यावर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. पहिले दोन पट्टे म्हणजे अंक, तिसरा म्हणजे त्यांच्यापुढं किती शून्यं. कोणता रंग म्हणजे कोणता अंक, हे हवालदारांनी माझ्याकडून आधीच वहीत उतरवून घेतलं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. काळा शून्य. तांबडा एक. लाल दोन. भगवा तीन.

लालपाशीच माझं पेन थांबलं होतं. लाल आणि तांबडा हे दोन रंग कसे? आमच्या कळपात काळी मेंढरं होती, पांढरी होती, काळीपांढरी बांडी होती. लाल मेंढरू कुणी बघितलेलं नव्हतं. कुंकू तांबडं, मिरचीचं कालवण तांबडं. लाल हा शब्द शाळेतला, मास्तरांच्या शाईचा. विचारायला तोंड उघडलं होतं, पण मनात आलं, हसतील. म्हणतील, ह्याला रंगसुद्धा कळत नाहीत, ह्याला काय शिकवायचं? मी मान हलवून पुढं लिहिलं.

पिशवी ओतल्यावर बघतो तर पट्ट्यांत खरंच दोन रंग होते. एक कुंकवासारखा, एक गुळाच्या ढेपेसारखा. मी माझ्याशी ठरवून टाकलं. कुंकवाचा तो तांबडा, म्हणजे एक. मग राहिलेला गुळाचा तो लाल, म्हणजे दोन. चार रविवार बसून काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्यांत सगळा माल लावला, प्रत्येकावर चिठ्ठी डकवली. निवडण्याचं काम मला येत होतं, पोटच त्यावर होतं. दोनशेची पेटी भरून वर आली, हजाराच्या पेटीत मात्र जेमतेम चार नग. एवढे दोनशे कुणाला लागत असतील, असं वाटून गेलं. वाटलं तेवढंच.

त्याच सुमारास हवालदारांचा स्वतःचा रेडिओ बसला. साताऱ्यात त्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला हाताखाली माणूस हवा होता.

"ह्यो तू एकट्यानं बोलता कर," हवालदार म्हणाले. "सोमवारी घेऊन जातो, वाजवून दावतो. म्हनतो, ह्यानं केलाय, ठेवून घे. सुटशील हळदीतनं."

रात्रभर झोप नाही. सकाळी झाकण उघडलं. एक रेझिस्टन्स जळून कोळसा झाला होता, पट्टे दिसत नव्हते. पण झाकणाच्या आत जोडणीच्या नकाशाचा कागद होता, त्यावर आकडा स्पष्ट होता, एक हजार. हवालदारांकडं रेझिस्टन्स मोजायचा मीटर होता, मागितला असता तर मिळाला असता. पण मागितला तर कळेल की मला पट्ट्यांची खात्री नाही. मी हजाराच्या पेटीतला नग घेतला, कथलाचा डाग देऊन जोडला, बटण फिरवलं.

रेडिओ बोलला. चांगला खणखणीत. मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. गाण्याचं एक कडवं झालं असेल नसेल, आवाज घोगरा झाला, कसलासा वास सुटला, आणि सगळं गप्प. आतली ट्रान्झिस्टरची जोडी हात लावू देईना इतकी तापली होती. ती जळाली होती, आणि माझ्या एवढ्या साठ्यात तसली दुसरी जोडी नव्हती.

हवालदारांनी मीटर आणला. मी लावलेला नग मोजला. मग माझ्या पेट्या मोजल्या.

"आरं, हजाराच्या पेटीत दोनशेचा माल! आन् दोनशेच्यात सगळे हजार! वीज अडलीच न्हाई म्हन की!" त्यांनी वहीतलं पान काढलं. "लाल मंजी काय रं?"

मी गुळाच्या रंगाच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

ते इतके हसले की ठसका लागला. "लाल मंजी कुंकू! तांबडा मंजी आपल्या गाईचा रंग!"

"कुंकवाला आमच्यात तांबडं म्हनत्यात," मी म्हणालो.

"तुमच्यात! मेंढरामागची मानसं तुमी." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी ते रेडिओशिवाय साताऱ्याला गेले. परत आल्यावर मावशींना सांगत होते, ते मला पत्र्यातून ऐकू आलं. "लाल-तांबड्याची गोष्ट सांगितली. लय हसला त्यो. म्हनला, असला मानूस माझ्या दुकानाला आग लावंल." पुढं गोदामातही ती गोष्ट पोचली. हमाल मला तांबड्या म्हणू लागले.

महिन्याभरानं ड्रायव्हरनं जोडी आणून दिली. दोनशेच्या पेटीतला नग लावून मी रेडिओ नीट केला. तो पुढं कैक वर्षं वाजला. हवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्याला मी शिकवलाय." खरंच होतं ते. पण तोवर साताऱ्याच्या दुकानात दुसरा माणूस लागला होता. मी हळदीतच राहिलो. चिठ्ठ्या बदलल्या आणि माझ्याकडं आयुष्यभर पुरतील एवढे हजार झाले. ते अजून संपलेले नाहीत.

रेडिओ दुरुस्त केला त्या दिवशी, "तुमचे उपकार हायेत," असं मी त्यांना म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. ते उठून गोठ्याकडं गेले, मी मागोमाग. गाय दारात आडवी उभी होती. माळावर आम्ही गुळासारख्या रंगावरून तिला मोरी म्हटलं असतं.

"सरक गं तांबडे," ते म्हणाले.

मी बाजूला झालो.